भागाबाई कुणाला सोडत नाही

लोकांची मतं वाचण्याचा मला पगार मिळतो, आणि एकदा मी तीच मतं दडवून ठेवली. पूर्ण न वाचता. कारण एवढंच, की त्यांत माझ्या म्हातारीला नावं ठेवली होती.

तीन वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, त्रेसष्टची. अक्कलदाढा पडून गेल्या होत्या, अक्कल यायची बाकी होती. गळ्यात कंपनीचं आयकार्ड अडकवून मी भाजी आणायला जात असे. मेथीवालीनं एकदा विचारलं, "बाई, तपासणीला आल्या का?" मी नाही म्हणाले नाही. तिनं एक जुडी वर घातली, ती ऐटीत पिशवीत टाकली. अशी ती तेव्हाची मी. तिच्या हातून पुढचं सगळं झालं ते नवल नाही.

कंपनी छोटी. बऱ्हाणपुरात, एका मावा-जिलेबीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनवतो. रेणुका ही आमची मालकीण, वय एकोणतीस. फिरोज प्रोग्रामर, म्हणजे गेमच्या आतलं यंत्र तो जोडतो. एक चित्रं काढणारी मुलगी. आणि मी. आधी तीस वर्षं मी टेलिफोन ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायच्या खिडकीवर होते. रेणुकानं मला त्याच कारणानं घेतलं.

"मावशी, लोक अंगावर ओरडतात आणि तुम्ही शांतपणे लिहून घेता. मला असंच माणूस पाहिजे," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मेलेल्या टेलिफोनवर लोक ओरडतात तेव्हा शांत राहणं सोपं असतं, कारण टेलिफोन आपण जन्माला घातलेला नसतो, हे मला तेव्हा कुठं माहीत!

आमचा पहिला गेम म्हणजे राजे, राक्षस, जादू, तलवारी. खेळणारा एका वीराला चालवतो, वीर हळूहळू ताकद कमावतो. तो बरा चालला. मग रेणुकानं एक्सपान्शन काढायचं ठरवलं. एक्सपान्शन म्हणजे लोकांकडे आधीच असलेल्या गेमला मागून जोडलेला नवा भाग. राहत्या घराला पडवी काढावी तसा. आमची पडवी जमिनीखाली होती. आपल्याकडच्या कुंडी भंडाऱ्यासारख्या विहिरी, खालून भुयारांनी जोडलेल्या, त्यांतून वाहतं पाणी, आणि पार आत बुडालेलं एक नगर. रेणुकानं त्यात वर्ष घातलं होतं. लग्नाची दोन स्थळं तिनं "भुयार संपू द्या" असं सांगून परत पाठवली होती.

भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारी बसवायची ठरली. अशा पात्रांना खेळणारा चालवत नाही. ती एका जागी असतात आणि शिकवलेलं बोलतात. हिला काय शिकवायचं ते रेणुकानं माझ्यावर सोडलं.

झालं! मी तुकईथडच्या माझ्या भागामावशीला तिथं बसवलं. मावशीच्या दारावरून कुणी उपाशी गेला नाही. पोट भरलेलाही उपाशी समजला जाई. गेममधली भागाबाई वीराला बट्टी वाढायची, म्हणजे कणकेचा भाजून तुपात बुडवलेला गोळा. पडद्यावर दोन बटणं यायची, 'हो' आणि 'नको'. 'नको' दाबलं की ती म्हणायची, "एवढीशी तर घे," आणि वाढायचीच. पुन्हा 'नको' दाबलं की, "वाळून गेला रे," आणि दोन वाढायची. पाच बट्ट्या झाल्याशिवाय ती वाट सोडायची नाही.

फिरोज म्हणाला, "आंटी, नको म्हटल्यावर पण देऊन राहिली ही. मग नकोचं बटण कशाला?"

"शिष्टाचार म्हणून," मी म्हणाले.

पुढचं शहाणपणही माझंच. अशा गेममध्ये वीराला ओझ्याची मर्यादा असते. पिशवी फार जड झाली की तो चालत नाही. नको असलेली वस्तू टाकून देता येते. मी फिरोजला ठणकावलं, "अन्न टाकायचं नाही. बट्टी टाकता आली तर मी नोकरी सोडेन." त्यानं बिचाऱ्यानं टाकायची सोय बंद केली. आणि वीर खाणार किती? दोन बट्ट्यांत त्याचं पोट भरायचं. उरलेल्या तीन पिशवीत. बट्टीचं वजन मी प्रामाणिकपणे धरलं होतं. म्हणजे दगडाएवढं.

एक्सपान्शन बाजारात आणण्याआधी थोड्या लोकांना खेळायला देतात. त्याला बीटा म्हणतात. आमटी पंगतीला नेण्याआधी कुणाला तरी वाटीत चाखायला देतो ना, तेच. चाखणाऱ्यांनी मतं लिहायची, मी ती वाचून तीन फायलींत लावायची. बिघाड, सूचना, राग. शेवटी एक रिपोर्ट.

पहिल्याच दिवशी मत आलं: "भाई, ये दादी है या फाइनल बॉस?" फाइनल बॉस म्हणजे गेमच्या अगदी शेवटी येणारा सगळ्यांत मोठा राक्षस.

दुसरं: "मला राक्षसांनी मारलं नाही. म्हातारीनं जेवू घालून मारलं."

तिसरं: "वीर जागेवरून हलत नाही. पाच मिनिटं झाली. पिशवीत बट्ट्या. मी पण हलून नाही राहिलो."

चौथं: "माझी सासू गेममध्ये कशी आली?"

पाचव्यानं म्हातारीला तलवारीनं मारायची सोय मागितली होती.

त्रेसष्ट वर्षांच्या त्या तरुणीचं डोकं फिरलं. हिच्या हातचं खाऊन जसोंडीपासून तुकईथडपर्यंतची माणसं वाढली, आणि हे कोण टिकोजी? मी चौथी फाईल उघडली. तिला नाव दिलं 'नंतर'. मत आलं, त्यात 'म्हातारी' किंवा 'दादी' दिसलं, की पहिली ओळ वाचून 'नंतर'मध्ये. दोन आठवडे हेच. मग रिपोर्ट लिहिला: "एकंदर समाधानकारक. पाण्याची चित्रं आवडली." खाली सही. सहीखाली हुद्दा.

शुक्रवारी दुपारी पुण्याहून फोन आला. आमचा गेम बाजारात पोचवणारी कंपनी तिथली, आणि तिकडून कुलकर्णी सर बोलतात. रेणुकानं फोन स्पीकरवर टाकला.

"रेणुका, मतं वाचलीत का?"

"हो सर. रिपोर्ट पाठवलाय ना."

"रिपोर्ट वाचला. मग मी स्वतः खेळणाऱ्यांच्या पानावर जाऊन वाचलं. ही भागाबाई कोण?"

रेणुकानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"लोक भुयारात शिरतच नाहीयेत," सर म्हणाले. "दाराशीच अडकतात. माझं मत, भुयार आणि नगर काढून टाका. वरच्या मैदानातल्या चार लढाया आहेत, तेवढ्याच देऊ. सोमवारी अकरा वाजता बोलू. तोवर काही दाखवण्यासारखं असेल तर दाखवा."

फोन ठेवला. रेणुकानं माझा रिपोर्ट पडद्यावर उघडला.

"मावशी, रिपोर्टमध्ये भागाबाईचं नावसुद्धा नाही."

"नाही."

"कुणी काही लिहिलंच नव्हतं?"

खोटं बोलायचा विचार आला होता. पण टेलिफोनच्या खिडकीवर मी कधी एक तक्रार फाडली नव्हती. ते आठवलं आणि मान खाली गेली. "लिहिलं होतं. मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलं. मला राग आला."

रेणुका ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढली, बसली. "माझं वर्ष गेलं हो मावशी," एवढंच म्हणाली. मग माझ्या कॉम्प्युटरकडे बोट करून, "काढा ती फाईल. मोठ्यानं वाचा. एकेक. शेवटपर्यंत."

आपल्याच मावशीला घातलेल्या शिव्या चारचौघांत खणखणीत आवाजात वाचायची शिक्षा कुणाला झाली असेल तर त्यानं मला भेटावं. "दादी नहीं, डाकू है." वाचलं. "हिच्यापेक्षा राक्षस बरा, तो एकदाच मारतो." वाचलं. फिरोज आधी गंभीर होता. सासूवाल्या मतावर त्याच्या नाकातून चहा आला. चित्रं काढणारी मुलगी टेबलाखाली पेन शोधत बसली, पेन तिच्या हातातच होतं. हळूहळू रेणुकाचे खांदेही हलायला लागले. आणि खरं सांगते, विसाव्या मतानंतर मलाही हसू आवरेना. कारण लोक खरं लिहीत होते. भागामावशीकडून निघताना मी स्वतः बट्ट्या पदराआड लपवून गाईला घालत असे!

मग एक लांबलचक मत आलं. लिहिणाऱ्यानं नाव घेतलं होतं 'तापीचा वाघ'. पहिली ओळ होती, "म्हातारी लई खाऊ घालते." त्या ओळीवरच मी ते 'नंतर'मध्ये ढकललं होतं. आता पुढचं वाचलं.

"बट्टी टाकता येत नाही. खाता येत नाही. मंग म्या म्हटलं, कोणाले देता येते का पाहू. बाजूले कोणीच नव्हतं. नुसता तो भुयारातला मगरतोंड्या राक्षस, मले खायले आलेला. त्याले दिली. तो खाली बसला न खाऊन राहिला! म्या आरामात त्याच्या बाजूनं निघून गेलो. पुढच्यालेबी दिली. सगळ्या भुयारात राक्षस जेवून राहिले. लई हसलो. पण हे कोणाले माहीतच नाही, सांगा लोकायले."

फिरोज उभा राहिला. "नहीं आंटी, ऐसा हो ही नहीं सकता."

आम्ही त्याच्या कॉम्प्युटरवर वाकलो. वीर भागाबाईकडून पाच बट्ट्या घेऊन जागीच अडकला आणि मगरतोंड्या त्याच्यापुढं आला. मगरतोंड्यानं जबडा उघडला. फिरोजनं 'देणे' दाबलं. मगरतोंड्या मांडी घालून बसला.

मांडी घालून! गावकऱ्यांची जेवायला बसायची हालचाल फिरोजनं सगळ्याच जिवांना देऊन ठेवली होती. 'देणे' कुणाला चालावं आणि कुणाला नाही, हे तपासायचं तो विसरला होता. अशा चुकीला बग म्हणतात. फिरोज कपाळावर हात मारत होता आणि रेणुका त्याच्या पाठीवर. "हात लावू नको याला! अजिबात हात लावू नको!" पुढच्या राक्षसाला बट्टी दिली. तोही बसला. मग तीन राक्षस ओळीत बसले आणि आमची पंगत पूर्ण झाली. आम्ही इतके हसलो की जिलेबीवाला वर येऊन काय झालं ते विचारून गेला, आणि त्यालाही एक राक्षस जेवू घालू दिला.

शनिवार-रविवार काम केलं. खेळणारे काय मागत होते? म्हातारीला मारायची सोय. त्यांना खरं काय दुखत होतं? नाही म्हणता येत नव्हतं, आणि बट्टीचं काय करायचं ते कळत नव्हतं. टेलिफोनची तक्रारही अशीच असे. माणूस म्हणायचा, "तुमचा लाइनमन बदला," आणि बिघाड निघायचा त्याच्याच उंबऱ्यात उंदरानं कुरतडलेल्या वायरीत. दुखतं कुठं ते तक्रार करणाऱ्याला बरोबर माहीत असतं. औषध मात्र तो भलतंच सांगतो.

मी भागाबाईला एक वाक्य वाढवून दिलं: "तुला नको तर वाटेत कुणी भुकेलं भेटेल, त्याला दे." आणि दुसऱ्या 'नको'नंतर एक तिसरं बटण आणलं. त्यावर चित्र होतं, ताटावर आडवा धरलेला हात. आपल्याकडे तोंडानं म्हटलेल्या नकोला कुणी विचारत नाही, पण ताटावर हात आडवा आला की वाढणारी थांबते. फिरोजला हे पटवावं लागलं नाही. "हमारे यहाँ भी यही चलता है," तो म्हणाला.

सोमवारी अकराला कुलकर्णी सर पुण्यात बसून खेळले, आम्ही इकडे त्यांचा पडदा बघत होतो. भागाबाईपाशी त्यांनी दोनदा 'नको' दाबलं, मग हात आडवा केला. भुयारात शिरले. मगरतोंड्या आला. सरांनी बट्टी दिली. तो बसला.

सरांनी वीराला त्याच्याभोवती एक फेरी मारायला लावली.

"रेणुका, हा बग आहे ना?"

"हो सर."

"राहू द्या." मग घसा साफ करून, "नगरही राहू द्या. आणि मघाशी तीनच बट्ट्या घेतल्या मी. मागे जाऊन आणखी मिळतील का?"

भुयार राहिलं. एक्सपान्शन पूर्ण निघालं. आता लोक तक्रार करतात की भागाबाई पाचच बट्ट्या का देते. ती तक्रार मी 'सूचना'मध्ये लावते. 'नंतर' नावाची फाईल कॉम्प्युटरवरून काढून टाकली, आणि आयकार्ड आता भाजीला जाताना घरी ठेवते. मत शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. शिवी बहुधा पहिल्याच ओळीत संपलेली असते.

'तापीचा वाघ' शाहपूरचा निघाला. मी त्याला घरी जेवायला बोलावलं. मिशाळ गडी येईल असं धरून चालले होते. दारात उभी राहिली कल्पना, शाहपूरची केळीवाली, दोन लेकरांची आई, हातात केळीच्या दोन फण्या. दुपारी उन्हात शेतात काम नसतं, तेव्हा ती गेम खेळते. गेममध्ये ती पुरुषासारखं बोलते, म्हणाली, "नाहीतर पोट्टे शिकवायला येतात."

मी वरण-बट्टी केली होती. तिनं तीन खाल्ल्या. नको म्हणाली. मी एक वाढली. पुन्हा नको म्हणाली, मी म्हणाले, "वाळून गेलीस गं," आणि तूप ओतलं. तिनं ताटावर हात आडवा धरला. मी तिच्या बोटांच्या फटीतून अर्धी बट्टी सारली. तिनं माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाली,

"माय, गेममधी बटण लावलं तुम्ही, मंग घरी लावायचं राहूनच गेलं का?"