मचव्यात संपवलेली कादंबरी

कल्याणच्या बंदरावरून मचवा सुटला तेव्हा माझी शेवटची काही प्रकरणं राहिली होती. ठाण्याच्या आमच्या वाचनालयाने निरोप धाडला होता: ही कादंबरी बायकांच्या कपाटातून काढायची आहे, ताबडतोब परत करा. गाडीने गेले असते तर लगेच पोचले असते. म्हणूनच गाडी नको म्हटलं.

कादंबरी मोठी फसवी. नवरा गावभर सांगतो, बायको झोपेत चालते. रोज सकाळी विहिरीच्या काठी तिच्या ओल्या चपला सापडतात. हळूहळू तिलाही स्वतःची शंका येऊ लागते. वाचताना मान आखडली, पण पुस्तक खाली ठेववेना.

ठाकुर्लीच्या वीजघराची धुराडी मागे पडली. दोन्ही काठांना तिवरं (खाडीच्या चिखलातली झाडं), पुढे पारसिकचा डोंगर. माझ्या शेजारी ठाण्याची जानकी कोळीण रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. समोर भाताच्या पोत्यांवर अण्णासाहेब, आमच्या वाचनालयाच्या समितीतले.

"वहिनी, हेच ना ते पुस्तक?" ते म्हणाले. "कशाला जीव शिणवता? शेवटी ती वेडी होऊन विहिरीत उडी घेते. संसारी बायकांनी असलं वाचून काय मिळवायचं?"

शेवट फोडणाऱ्याचा मला भारी संताप येतो. "तुम्ही वाचलंत?"

"म्हणजे काय! वाचल्याशिवाय का काढतोय?"

मुंब्र्याच्या अलीकडे ओहोटीने दगा दिला. मचवा चिखलात रुतला. "आता भरती येईस्तोवर बसा," तांडेल (मचव्याचा मुख्य) म्हणाला आणि त्याने बिडी पेटवली. जानकीने फडकं सोडून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी पुढे केली. मी पोटभर खाल्ली.

"गो बाय, मोठ्यान वाच ना," ती म्हणाली. "इहिरीवर कोन जातं ता कलू दे."

"हे म्हणतात, ती उडी घेते."

"त्यांना बोलू दे. तू पुस्तकातला वाच."

मी खणखणीत आवाजात वाचलं. बायको झोपेत कधी चालतच नव्हती. चपला भिजवून ठेवणारा नवराच होता, आणि तिने ते पडद्याआडून पाहिलं होतं. एके सकाळी विहिरीपाशी नवऱ्याचे जोडे ओले सापडले. बायको माहेरी निघून गेली होती. आता गाव त्यालाच रात्री दाराला कडी लावून घ्यायला सांगत होतं.

"बरी जिरवली मेल्याची!" जानकी ओरडली. तांडेलाची बिडी कधीच विझली होती.

मी अण्णासाहेबांकडे पाहिलं. "उडी कुठल्या पानावर आहे?"

"मला... कोणीतरी तसं सांगितलं होतं," ते तिवरांकडे बघत म्हणाले.

भरती आली, आम्ही ठाण्याला लागलो. अण्णासाहेब पोती उतरवून माझ्या पाठोपाठ वाचनालयात आले. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे जमा करा, आणि माझ्याच नावावर पुन्हा द्या. शेवट कळल्यावर पहिल्यापासून वाचण्यात खरी गंमत आहे. तो नवरा कुठेकुठे खोटं बोलला ते आता सापडेल."

कारकून गडबडला. "पण समितीने..."

"ज्यांनी शेवटपर्यंत वाचलंय त्यांनी नाही म्हणावं."

कारकून अण्णासाहेबांकडे पाहू लागला. अण्णासाहेबांनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला. शेवटी कारकुनाने शिक्का मारला.

संध्याकाळी गाडीने परतले. पुस्तक सध्या माझ्या घरी आहे, आणि चाळीतल्या चौघी त्यासाठी ताटकळल्या आहेत. संसारी बायकांनी असलं वाचू नये म्हणणाऱ्यांना एकच सांगते: संसार आम्हीच करतो, त्यातली रहस्यं आम्हाला समजतात. समितीला पुस्तक हवं असेल तर तिनेही रांगेत यावं. पाचवा नंबर मोकळा आहे.