ट्रंकवाल्यांच्या वरची खोली

आमच्या गल्लीत ती बाई राहायला यायच्या आधीच तिची कीर्ती येऊन पोचली होती. सामान मागून आलं. "भांडल्याशिवाय हिला अन्न पचत नाही," असं दूधवाल्यानं कोपऱ्यावरच्या शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं आमच्या हिला आणि हिनं मला. वाटेत ज्यानं त्यानं पदरचं तिखटमीठ घातलं, ते वेगळं. आधीच्या वस्तीत तिनं म्हणे शेजारणीची बादली जिन्यावरून खाली भिरकावली होती. त्याच्या आधी घरमालकाला चारचौघांत टकल्या म्हणाली होती. एका घरात वर्ष म्हणून धड काढलेलं नाही. तिकडं तिला 'तोफ' म्हणायचे. आम्हीही म्हणू लागलो. आयतं मिळालेलं नाव कोण सोडतो?

तोफ दिसायला मात्र काडीसारखी. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यातून गठ्ठे आणायची आणि घरी बसून काजं-बटणं करायची. बरोबर एक भाऊ. चाळिशी ओलांडलेला, अंगानं दांडगा, दाढी वाढलेली, आणि डोक्यानं पाच-सहा वर्षांचा. ती त्याला बाळ म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे.

आता घर बघायला येणारा माणूस काय बघतो? पाणी किती वेळ येतं, भिंतीला ओल आहे का, बाजार किती लांब, शेजारी कोण. ही बाई यातलं काहीच बघायची नाही.

ती घेत होती ती खोली रिकामी पडून जमाना झाला होता. खाली पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना. सकाळी हातोडे सुरू झाले की वरच्या फळीवरचे कप नाचायला लागायचे, ते थेट दिवेलागणीपर्यंत. घरमालकीण पक्की बिलंदर. कुणीही खोली बघायला यायचं म्हटलं की बरोब्बर कारीगर जेवायला बसले की बोलवायची, आणि "बघा किती शांत आहे" म्हणत जेवण संपायच्या आत वाटेला लावायची. पण तोफ उंबऱ्यावरच बसली.

"मी थांबते जरा."

"अहो, थांबून काय करायचंय? खोली काय पळून जाणार आहे?"

"नाही, बसते."

जेवण आटोपलं. खालून पहिला हातोडा पडला, मग दहा पडले. घरमालकिणीचा चेहरा पडला आणि तोफेचा उजळला.

"हे रोज असतं?" तिनं ओरडून विचारलं.

"रोज म्हणजे... तसं काही अगदी..."

"खरं सांगा हो."

"रोज!" घरमालकिणीनं एकदाचं कबूल केलं. "सुट्टीचा वार सोडून. दिवसभर. काय करायचं ते करा."

"मग घेते मी."

त्या दिवशी घरमालकीण आमच्याकडं चहा प्यायली आणि म्हणाली, "तोफ आहे का नाही माहीत नाही, पण डोक्यानं गेलेली आहे."

गेलेली वगैरे नव्हती. सामान लागलं त्याच दिवशी आम्हाला कळलं. हातोडे थांबले, आणि वरून आवाज आला. नुसता आवाज नाही, घशाच्या शिरा ताणून मारलेली हाक: "आई! मी इथंय!" आतून बहीण म्हणाली, "आले रे, आले." थोडी शांतता, की पुन्हा, "आई! मी इथंय!"

गोष्ट अशी होती. बाळ लहानपणी दोन-तीनदा हरवला होता. म्हणून आईनं त्याला शिकवून ठेवलं होतं की हरवलास तर चालत सुटायचं नाही. आहे तिथंच उभं राहायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, 'आई, मी इथंय.' मी शोधत येते. इतर कुठली गोष्ट त्या डोक्यात टिकली नाही, ही टिकली. आई गेली तेव्हापासून बाळाच्या लेखी तो हरवलेलाच होता. तो आपला एका जागी उभा राहून शिकवल्याप्रमाणे हाका मारायचा. बहिणीनं "आले रे" म्हटलं की थोडा वेळ भागायचं.

अशी हाक दिवसातून किती वेळा ऐकवते? चांगली माणसंसुद्धा पंधरा दिवसांत कातावतात.

त्यांचा थोरला भाऊ सामान पोचवायला आला होता. गोदामात मुकादम होता, स्वतःचं घर होतं, आणि घरात बायकोचं राज्य. उतरताना जिन्यात बहिणीला म्हणाला, "हे बघ, दर खेपेला सांगतो तेच सांगतो. तुझ्या जिभेपायी तुला कुणी हाकललं तर मी पुन्हा सामान उचलीन, तू जाणे आणि तुझी जीभ जाणे. पण याच्या ओरडण्यापायी एकदा जरी घर सुटलं, तर याला संस्थेत ठेवणार. कागदावर सही माझी लागते, तुझी नाही."

"नाही सुटणार, दादा."

"माझ्या जिवाला घोर आहे गं. मी काय वैरी आहे का त्याचा?"

जिन्यात बोललेलं आमच्याकडं जिन्यात राहत नाही. दिवे लागायच्या आत गल्लीभर झालं.

आम्ही तोफ उडायची वाट बघत बसलो. उडेना. हातोड्यांच्या दणदणाटात बाळाची हाक कुणाच्या कानाला लागत नव्हती. कारखान्यातले निम्मे कारीगर तर बहिरेच झालेले, ते वर बघून हात हलवायचे आणि बाळ खूश होऊन अजून जोरात ओरडायचा. संध्याकाळी ती त्याला जवळ घेऊन बसायची, म्हणजे हाका कमी. सुट्टीच्या वारी डबा बांधून त्याला दूर मोकळ्या मैदानात न्यायची. तिथं काय ओरडायचं ते ओरड.

आमची ही मोठी चौकस. तिनं मुद्दाम ओले कपडे तोफेच्या दारासमोर निथळत टाकले, बघू काय होतंय. तोफेनं ते पिळून, झटकून, आमच्या दोरीवर नीट वाळत घातले. शिंप्यानं तिच्या एका गठ्ठ्यावर पाय दिला, तर म्हणाली, "असू दे, धुवायचेच आहेत." घरमालकिणीच्या पोलक्यांना फुकट हूक लावून दिले. आम्ही म्हणायचो, तोफेत पाणी शिरलं. पुढं पुढं तोफ म्हणणंही सुटलं आणि ती सगळ्यांची ताई झाली.

मी एकदा छेडलं, "काय ताई, लांबून लांबून ख्याती ऐकली होती. आम्ही कान कोरून बसलोय, बार कधी व्हायचा?"

सुईत दोरा ओवता ओवता हसली. "काका, इथं दारूगोळा लागतच नाही हो."

अशी कितीतरी वर्षं गेली. दोघंही इथंच केस पिकवून बसली.

मग ट्रंका खपेनाशा झाल्या. लोकांना चाकांच्या बॅगा पाहिजेत, पत्र्याची पेटी कोण घेतो? मालकाला मुलगा नव्हता, जावयाला धंद्यात रस नव्हता. एके दिवशी हातोडे थांबले ते थांबलेच. कारीगरांनी जाताना बाळाकडं बघून हात हलवला. ताईनं घरमालकिणीला पन्नासदा विचारलं, "खाली कोण येणार? लोहार बघा ना. गिरणी बघा. वेल्डिंगवाला बघा."

आली अभ्यासिका.

मोठ्या परीक्षांना बसणारी मुलंमुली तिथं दिवसभर खुर्च्यांवर पुस्तकात डोकं घालून बसत. दारावर 'शांतता राखा' अशी पाटी. सगळ्या जगातून शांतताच विकणारा माणूस आमच्या नशिबी यायचा होता. पहिल्याच दिवशी वरून हाक आली, "आई! मी इथंय!", आणि वरून कुणी पडलं की काय म्हणून अख्खी अभ्यासिका रस्त्यावर धावत आली. दोन-चार दिवसांनी तिथले सर वर गेले. माणूस सज्जन. म्हणाले, "ताई, मुलांचं वर्षाचं नुकसान होतं हो. काही करता येईल का?"

त्या दिवसापासून ताई भांडायला लागली.

पण काय सांगू, बसलेला हात सुटला की सुटतो. नळावर गेली आणि म्हणाली, "तुमची बादली काय सोन्याची लागून गेली?" शेजारीण म्हणाली, "अगंबाई, ताई, आधी तुम्ही भरा. सरा गं सगळ्या, ताईला घाई आहे." घरमालकिणीला म्हणाली, "याला घर म्हणतात? खुराडं आहे, खुराडं!" घरमालकीण म्हणाली, "खरंय बाई तुझं," आणि दुसऱ्या दिवशी गिलावा करायला गवंडी पाठवला. सरांना जिन्यात गाठून टकल्या म्हणाली. सरांच्या डोक्यावर भरघोस केस. ते हसले आणि वाकून नमस्कार करून गेले. दारात येईल त्याच्यावर ती आग पाखडायची आणि माणूस काळजीनं विचारायचा, "ताई, तब्येत बरी नाही का?" बिचारी थकली, भावाचं करून करून पिचली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुणी भाजी निवडून द्यायचं, कुणी गठ्ठा उचलायचं. ती रडकुंडीला यायची. लोकांना वाटायचं, मायेनं भरून आलं.

शेवटी सरांनी घरमालकिणीला सांगितलं, एकतर हाका नाहीतर आम्ही. तिनं थोरल्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा आम्ही सगळे गॅलरीत होतो. हातची कामं टाकून होतो, खोटं कशाला सांगू!

घरमालकीण म्हणाली, "ताईला एक शब्द बोलायचं नाही हं. सोन्यासारखी बाई आहे. तिला आम्ही कधीच जा म्हणणार नाही. पण तो बाळ... खाली मुलांना बसवत नाही. आणि तिचं तरी आता वय राहिलंय का? सुटू दे तिला यातून. तुम्हीच काय ते बघा."

तेवढ्यात ती वरून धावत आली. पायात चप्पल नाही, पदरात सुई टोचलेली तशीच.

"दादा, त्याच्यामुळं नाही! माझ्यामुळं काढतायत. मी भांडते सगळ्यांशी. रोज भांडते. विचार यांना!"

थोरल्यानं आमच्याकडं बघितलं.

"छे हो!" शेजारीण म्हणाली. "ताई भांडतील? मुंगीला दुखवायच्या नाहीत."

"मी हिची बादली लाथाडलीय! सांग ना गं!"

"कधी हो ताई?" शेजारणीनं डोळ्याला पदर लावला. "भावासाठी किती खोटं बोलतात बघा."

मग प्रत्येकानं साक्ष दिली. शिंप्यानं दिली, सरांनी दिली, आमच्या हिनं तर ओल्या कपड्यांची गोष्ट साग्रसंगीत सांगितली. कुणीच ताईवर बोल येऊ दिला नाही. ती मध्ये उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. थोरला हळू म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

बाळाला नेलं त्या दिवशी तिनं त्याची दाढी केली, शर्टाची बटणं घट्ट करून दिली. गाडीत बसायला मिळालं म्हणून तो खुशीत होता. वळणावर त्याला बहीण दिसेना, तेव्हा त्यानं हाक मारली. ती "आले रे, आले" म्हणत वळणापर्यंत गेली. गाडी गेली होती.

आम्ही सगळ्यांनी मिन्नतवाऱ्या केल्या तरी ती राहिली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत तिनं खोली घेतली. खोली दाखवणाऱ्या दलालानं म्हणे प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, मागची खिडकी उघडू नका, पलीकडून लोक ओरडतात." ती तीच खिडकी उघडून बसली आणि जागा पक्की केली.

मी एकदा गेलो होतो. खिडकीपाशी शर्टांचा ढीग, आणि ती काजं करत बसलेली. पलीकडं उंच भिंत. चहा झाला. मी विचारलं, "येते का हाक?"

"सुरवातीला यायची. मी इथून म्हणायची आले रे. पण भिंत केवढी आहे बघा ना. माझा आवाज कुठला पोचायला."

"आणि आता?"

"आता नाही मारत."

"औषधं देतात की काय?"

"विचारलं मी. नाही म्हणाले. शहाणा झालाय म्हणाले." तिनं दोरा दातानं तोडला. "भेटायच्या दिवशी जाते. हात हातात देतो. बघत बसतो. बोलत नाही काही."

मी निघालो, तर खालच्या दुकानदारानं मला हळूच बाजूला घेतलं. तुम्ही ओळखीचे दिसता, म्हणून विचारतो म्हणाला. ही बाई फार भांडकुदळ आहे, हिला कुठंच कुणी ठेवून घेत नाही, असं ऐकलंय, ते खरं का?

ते खरं नाही. बाळाच्या हाकांची तक्रार घरमालकापर्यंत जायच्या आत ती दुसऱ्याच कशावरून तरी भांडण काढायची. म्हणजे घर तिच्या जिभेपायी सुटायचं आणि भाऊ तिच्याजवळ राहायचा.