मागची सीट

शिंप्याचा धाकटा भाऊ दूर उत्तरेच्या खाणीवर वारला होता. त्याला आणायचं म्हणजे चार दिवसांचा निर्जन रस्ता. गॅरेजात दोन जादा चाकं, पेट्रोलचे कॅन, फावडं असं सगळं गाडीत भरून झालं.

"मागची सीट काढ," शिंपी म्हणाला.

"काढतो मास्तर, पण येताना कुणी सोबत असलं तर बसवणार कुठे, टपावर?" मेकॅनिक हसला.

"भावाला आणायचंय. तो बसायचा नाही आता."

मेकॅनिकने पाना उचलला.

भावाची छाती, कंबर, बाही शिंप्याला तोंडपाठ होती. डोक्यापासून टाचेपर्यंतचं माप त्याने कधी घेतलं नव्हतं. दोघं एकाच उंचीचे, म्हणून तो स्वतःच आत आडवा झाला.

"दार लाव."

दार लागलं.

"टेकतंय का कुठे, मास्तर?"

"नाही. पुरेल."