वर्षाराणीचा छोटा फोन

आमची सून वर्षाराणी कसबा बावड्यात बसून सगळ्या महाराष्ट्राच्या वेबसाइट दुरुस्त करते, असं मी चहाच्या गाड्यावर सांगतो. थोडं वाढवून सांगतो. खरं म्हणजे ऑनलाइन एक मराठी ग्रुप आहे. वेबसाइट बनवणारे अडले की तिथं प्रश्न टाकतात आणि जाणकार हौसेनं उत्तरं देतात. मुरगूडची ही पोर लग्नानंतर हे सगळं शिकली, तेही फोन पिठाच्या डब्याला टेकवून, भाकरी थापता थापता. तो फोनही माझा जुना, तळहाताएवढा. लेकानं नवा मोठा आणला तो मी ठेवून घेतला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता तीही तिथं उत्तरं देते. मध्यंतरी तिचं एक उत्तर चुकलं. 'आधी कॉम्प्युटर घ्या, मग शिकवा,' असं एका शहाण्यानं लिहिलं. त्यानंतर महिनाभर ती नुसती वाचायची. मला त्या माणसाचा पत्ता हवा होता.

गेल्या आठवड्यात एके दिवशी दुपारी चारला ती फोन घेऊन सोप्यात आली. परभणीच्या उन्मेष नावाच्या शिक्षकानं मुलींच्या कबड्डी स्पर्धेसाठी वेबसाइट बनवली होती. नावनोंदणी सहाला बंद होणार होती. खेड्यांतले संघ फॉर्म भरत होते, पण पाठवायचं बटणच त्यांना सापडत नव्हतं. ग्रुपमधले म्हणत होते, आमच्याकडे दिसतंय, लोकांनाच कळत नसेल.

"मामा, लोकं काय येडी हाईत व्हय?" वर्षा तापली होती. "माझ्याबी फोनवर बटण न्हाय."

मी माझ्या फोनवर तो फॉर्म उघडला. "हे काय, खाली हाय की."

तिनं दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. माझ्या फोनवर बटण तळाला होतं. तिच्या फोनचा पडदा त्याच्या आधीच संपत होता, आणि फॉर्म वर सरकत नव्हता.

"घावलं," ती म्हणाली. "ह्या मास्तरांनी पान सरकायचं बंद करून ठेवलंय. मोठ्या फोनात सगळं मावतंय, म्हणून कुणाला कळंना."

"मग लिही की."

तिचा अंगठा थांबला. "परत चुकलं तर?"

"चुकू दे. त्या पोरी बाहेर राहत्याल, त्याचं काय?" माझा आवाज गल्लीभर गेला असणार.

तिनं लिहिलं. पाच वाजून दहा मिनिटांनी उन्मेषनं ती अडवणारी ओळ काढून टाकली. वर्षानं फॉर्म पुन्हा उघडला, बोटानं वर सरकवला, आणि बटण आलं. मी खुर्चीतून उठलोच. सहाच्या आत वेबसाइटवर अकरा संघांची नावं लागली, आणि मी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं. तीस वर्षं दुधाची गाडी चालवली, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

मी माझा फोन तिच्यापुढे धरला. "ह्यो घे. आधीच द्याय पायजे हुता."

"नगं. ह्यो छोटाच बरा हाय," ती म्हणाली. "पर तुमचाबी लागंल. रोज चारला बसा माझ्याजवळ."

आता रोज चारला मी बसतो. काल तिनं एका उत्तराखाली लिहिलं, 'दोन फोनवर तपासलं. दुसरा फोन माझ्या सासऱ्यांचा.' चहाच्या गाड्यावर ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि या वेळी काहीच वाढवून सांगितलं नाही.