नोएलीन आणि टोस्टचा प्रवेश

नोएलीन ट्रेगियर विंगेत उभी राहिली की भल्याभल्या नटांची पाठ आपोआप ताठ व्हायची. अंगाने ठेंगणी, आवाजाने दणकट, आणि एप्रनच्या दोन खिशांत सारा संसार. एका खिशात खिळे, सेफ्टी पिना, काडेपेटी. दुसऱ्यात बोथट सुरी आणि पिवळ्या झाकणाची व्हेजिमाइटची छोटी बाटली. पहिला खिसा नाटक कंपनीचा, दुसरा तिचा स्वतःचा. त्यात हात घालायची कोणाची छाती नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीहून ती बोटीने लंडनला आली, ती गाणारी नटी व्हायला. कोरसमध्ये पाय उचलले, एका ख्रिसमसच्या नाटकात कापडी घोड्याचे मागचे पाय झाली, आणि एके दिवशी रंगमंचावरचं सामान सांभाळणारी प्रॉपर्टीवाली आजारी पडली म्हणून तिने टेबल लावून दिलं, ते कायमचंच. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. "घोड्याच्या मागच्या पायांत काम केलं की रंगभूमीबद्दल भाबडेपणा उरत नाही," असं ती हसत सांगायची.

अर्ल्स कोर्टला तिचं भाड्याचं उंच, अरुंद घर होतं. खोल्यांतून सगळी आपल्याच मुलखातली माणसं. डेस हा गवंडी, ग्लेनिस ही नर्स, शिवाय येणारीजाणारी दोनचार. मायदेशाहून कोणीही आलं तरी त्याच्या सामानात नोएलीनसाठी एक बाटली असायचीच. यीस्टचा तो काळाकुट्ट, खारट लेप लंडनच्या दुकानात सहज मिळत नसे. इंग्रजांचं मार्माइट होतं म्हणा, पण नोएलीनच्या मते ते चुलतभावंड. लग्नाकार्याला बोलवावं, घरी ठेवून घेऊ नये.

रविवारच्या न्याहारीला या घरात जी भांडणं होत, ती पार्लमेंटात झाली नसतील. डेसचं म्हणणं, टोस्टच्या लांब काड्या कापाव्यात आणि अर्धवट उकडलेल्या अंड्यात बुडवाव्यात, बाकी सगळा गाढवपणा. ग्लेनिस त्यावर चीज घालून ग्रिलखाली धरायची आणि वर टोमॅटोची चकती ठेवायची. कोणी भोकाभोकांच्या दोन बिस्किटांमध्ये लोणी आणि व्हेजिमाइट भरून बिस्किटं दाबायचं. मग भोकांतून काळ्यापिवळ्या अळ्या बाहेर यायच्या आणि मोठमोठी माणसं त्या चाटताना पाच वर्षांची व्हायची. नोएलीन रश्श्यात चमचाभर टाकायची, आणि बाटली संपली की तीत उकळतं पाणी ओतून, खळखळ हलवून ते पिऊन टाकायची. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. गरम टोस्टवर लोणी सढळ हाताने, आणि काळं नुसतं सुरीच्या टोकावर घेऊन खरवडल्यासारखं पातळ. त्यात चूक करणारा माणूस आपला नव्हे.

त्या वर्षी हॅमरस्मिथच्या जुन्या नाट्यगृहात एका ऑस्ट्रेलियन पोराने लिहिलेलं नाटक आलं. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या गावातलं स्वयंपाकघर, आई, मावशी आणि भट्टीवर कामाला जाणारा मुलगा. दुसऱ्या अंकात मुलगा अपघातात गेल्याची बातमी रात्री येते. सकाळी आई उठते, मावशीशी पाणी तापवायच्या गोष्टी बोलते, आणि बोलता बोलता रोजच्यासारखा मुलाचा टोस्ट करून त्याच्या जागेवर बशी मांडते. मांडते, आणि मग तिला कळतं. एवढाच प्रवेश. नोएलीनने तो पहिल्यांदा वाचला तेव्हा ती प्रॉपर्टीच्या कपाटात तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. मग अर्ल्स कोर्टभर सांगत सुटली, "आपलं स्वयंपाकघर आहे, बाबांनो. लंडनच्या रंगमंचावर. सगळ्यांनी यायचं."

आईचं काम मिस कॉन्स्टन्स एव्हरिल करणार होत्या. इंग्रज रंगभूमीवर राण्या-महाराण्या केलेली बाई. मान अशी, की मुकुट नसला तरी दिसायचा. नोएलीनने स्वयंपाकघर हुबेहूब उभं केलं. स्टोव्हच्या मागच्या पडद्याला भोक पाडलं, म्हणजे विंगेतून खराखुरा गरम टोस्ट आत सरकवता येईल. सगळं चोख. फक्त तालमींना तिने रिकामी बाटली दिली. भरलेली बाटली तालमीत वाया घालवायची म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं.

ती कंजुषी पहिल्याच प्रयोगाला भोवली.

बाल्कनी अर्ल्स कोर्टने गच्च भरलेली. दुसरा अंक. नोएलीनने भोकातून टोस्ट आत सरकवला आणि स्टोव्हमागे उकिडवी बसून राहिली. तिथून तिला रंगमंच दिसत नसे, नुसता ऐकू यायचा. मिस एव्हरिलनी आयुष्यात पहिल्यांदा भरलेली बाटली उघडली, सुरी खोल खुपसली, अक्रोडाएवढा गोळा काढला आणि विटेवर सिमेंट थापावं तसा त्या टोस्टवर थापला.

वरून डेसचा आवाज आला, "अगं माये, पोरगा एकदा मेलाय, तेवढं पुरे की."

बाल्कनी हसून कोसळली. खाली बसलेल्या इंग्रजांना कशावर हसायचं ते कळलं नाही, पण हसू काय, साथीसारखं असतं. मिस एव्हरिलनी बशी मांडली, त्यांचे डोळे भरून आले, आणि नाट्यगृह डोळे पुसत होतं, पण हसून हसून.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक पेनरोज विंगेत आला. चेहरा पांढराफटक. "तो टोस्ट काढून टाका. बाईंच्या हातात चहाचा कप द्या. चहाला जगात कोणी हसत नाही."

"चहाने सगळा प्रवेश मरेल," नोएलीन म्हणाली.

"तो आज मेलाच आहे, नोएलीन. सगळ्यांच्या देखत."

मिस एव्हरिल खुर्चीत बसून हातातल्या सुरीकडे पाहत होत्या. "माझं चुकलं तरी काय, ते सांगाल का कोणी? आईचा हात आहे. तो आखडता कसा असेल?"

"प्रेम लोण्यात घालायचं असतं, मिस एव्हरिल," नोएलीन म्हणाली. "काळं टोस्टला नुसतं दाखवायचं. चूक माझी आहे. मी तुम्हाला रिकाम्या बाटलीवर शिकवलं. उद्याचा दिवस द्या. मी शिकवते."

दुसऱ्या दिवशी तिने शिकवलं. सुरी अशी धरा, लोणी कडेपर्यंत, जरा विरघळू द्या, मग टोक बुडवा, जास्तीचं बाटलीच्या काठाला पुसा, मग खरवडा. मिस एव्हरिलनी सगळं नाटकातल्या संवादांसारखं पाठ केलं. संध्याकाळी एकही चूक झाली नाही, आणि बाल्कनी पुन्हा हसली. हळू हसली, पण हसली. बाई जीभ दातात धरून, सुरीच्या टोकावर डोळा रोखून टोस्ट करत होत्या.

"टोस्ट नाही करत ती," घरी परतताना डेस म्हणाला, "बॉम्ब निकामी करते."

"तू तिथे तोंड कशाला उघडतोस रे, मेल्या?" नोएलीन कडाडली.

"मी आज बोललो का काही? नुसता हसलो. हसू आलं तर काय करू? आमच्या घरी आईने बशी ठेवताना कधी टोस्टकडे बघितलं होतं का?"

 डेसचं खरं होतं. नोएलीनची आई ओट्याशी उभी राहून शेजारणीशी भांडायची, कुत्र्याला हाकलायची, बाबांचा डबा भरायची, आणि टोस्ट आपोआप व्हायचा. ते न बघणं शिकवायचं कसं? जे कोणाला करताना कळत नाही, ते सांगायचं तरी कुठून?

पेनरोजने शनिवारच्या दुपारच्या खेळापर्यंत मुदत दिली. त्या खेळात हशा आला तर संध्याकाळपासून चहा. मिस एव्हरिलनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डोक्याला रुमाल बांधून, अर्ल्स कोर्टला दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे न्याहारी कोण करतं?"

"ज्याला आधी जाग येईल तो," नोएलीन म्हणाली.

"मग आजपासून मी करणार. सगळ्यांची. मला कोणी काही शिकवायचं नाही."

डेस बनियनवर जिना उतरत होता. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा नोएलीनकडे. "राणीसाहेब, मला दोन. आणि अंडं अर्धवट."

त्या पहिल्या सकाळी बाईंनी चमचाभर व्हेजिमाइट सरळ तोंडात टाकलं आणि त्यांना जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. ग्लेनिसने पाणी दिलं आणि नाडी बघितली. पण बाई उठल्या. आणि रोज आल्या. ग्रिलपाशी उभ्या राहायच्या आणि घर त्यांच्या अंगावर ओरडायचं.

"कॉनी, हा टोस्ट आहे की डांबरी रस्ता?"

"कॉनी, कडा कोरड्या राहिल्या. कडांनी काय घोडं मारलंय तुझं?"

मिस एव्हरिलची कॉनी कधी झाली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. कॉनीही मग मागे राहिल्या नाहीत. "डेस, आधी शर्ट घालून ये, मग टोस्ट. या थिएटरात उघड्या अंगाने प्रवेश नाही." घर टाळ्या वाजवायचं. भरलेल्या बाटल्या मात्र झपाट्याने उतरत होत्या. नोएलीन फळीकडे बघायची आणि तरी नवी काढून द्यायची.

मग एका सकाळी डेस एक किस्सा सांगत होता. त्याचा काका, एक मेंढा आणि पाद्र्याची नवी मोटार. मेंढा मोटारीत कसा शिरला इथपर्यंत आलं, तेव्हा कॉनी हसत हसत मागे वळल्या आणि म्हणाल्या, "पण दार कोणी उघडलं?" तोंड डेसकडे. हात ग्रिलकडे. लोणी, सुरीचं टोक, काठाला पुसणं, खर्र, खर्र, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून बशीत.

ग्लेनिस काहीतरी बोलणार होती. नोएलीनने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.  डेसने मेंढ्याची गोष्ट लांबवली, एवढी लांबवली की त्यात नसलेला एक पोलीसही आला, आणि कॉनींनी न बघता सगळ्या घराचे टोस्ट केले.

शनिवारी दुपारी बाल्कनी पुन्हा भरली. बातमी पसरली होती. काही जण तर खास हसायलाच आले होते. नोएलीन स्टोव्हमागे बसली.  टोस्ट सरकवताना बोटं भाजली, तेही तिला कळलं नाही.

आत कॉनी नाटकातल्या मावशीला सांगत होत्या की बंबात लाकूड ओलं आहे, धूर होतो, कोणाला तरी सांगायला हवं. साधा आवाज, घरातला. आणि त्या आवाजाखालून नोएलीनला ऐकू आलं. खर्र. थांबून पुन्हा, खर्र. कुरकुरीत टोस्टवर पातळ सुरीचा तो कोरडा आवाज पार वरपर्यंत गेला असावा, कारण वरची कुजबुज एकाएकी थांबली. बंबाचं बोलणं चालूच होतं. सुरीने टोस्ट मधोमध कापला. बशी टेबलावर टेकली.

बोलणं थांबलं.

नोएलीनने पडद्याला कान लावला. इतकी वर्षं नाटकात काढली, शांतता तिला ओळखता येत होती. कंटाळलेली शांतता असते, खोकल्याची वाट बघणारी असते. ही तसली नव्हती. एवढ्या माणसांनी एकदम आपापल्या घरचं टेबल पाहिलं होतं. मग वरून, बोटीच्या भोंग्यासारखा, कोणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. डेसचं नाक. ते साऱ्या घराला ठाऊक होतं. आणि त्या आवाजालाही कोणी हसलं नाही.

पडदा पडला तेव्हा टाळ्या आधी बाल्कनीतून आल्या. पाय आपटत, कठडे बडवत. खालचे लोक उठून उभे राहिले आणि माना वर करून त्यांच्याकडेही टाळ्या वाजवू लागले. कॉनी वाकून नमस्कार करून थेट विंगेत आल्या, त्या हातात ती बशी घेऊनच. स्टोव्हमागे नोएलीनच्या शेजारी जमिनीवर बसल्या, एक तुकडा तिला दिला, एक स्वतः तोंडात घातला.

"गार झालाय," कॉनी म्हणाल्या.

"गारही चांगला लागतो," नोएलीन म्हणाली. आणि ती खात राहिली.

डेस मागच्या दाराने आत घुसला. डोळे लाल, पण ताठा कायम. "डाव्या कोपऱ्यात लोणी कमी होतं," तो म्हणाला. "एरवी ठीक."

"तू मान खाली घालून रडत होतास, तुला कोपरा दिसला कसा?" कॉनी म्हणाल्या.

पेनरोज येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. काहीतरी मोठं बोलायचं म्हणून आला असावा. जमिनीवर बसून टोस्ट खाणाऱ्या दोन बायकांकडे त्याने पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं, "संध्याकाळच्या खेळाला पाव किती लागतील?"

"दोन," नोएलीन ओठावरचं लोणी पुसत म्हणाली. "एक नाटकाला. एक आम्हाला."