बोकडाचा भांग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या दाजींचा, बोकड पोट फुगून मेला, आणि त्यानंतर महिनाभरानं त्यांच्या घरात जो वास मी घेतला, तो अजून माझ्या नाकात मुक्कामाला आहे.

बोकड साधा नव्हता. काळाभोर, उस्मानाबादी, तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात लागोपाठ दोनदा पहिला आलेला. त्याला नावही होतं. पण त्याच नावाचे एक पुढारी अजून हयात असल्यामुळं ते मी लिहीत नाही. दाजी त्याला घेऊन गावातून निघाले की लोक आधी बोकडाला रामराम करायचे. असं जनावर पुरून मोकळं व्हायचं दाजींच्या जिवावर आलं. परदेशातले लोक हरणाची मुंडकी भरून भिंतीला लावतात, ते त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मग काय, कातडं घरीच कमवायचं ठरलं.

"रोज उठल्यावर त्याचं तोंड दिसलं पायजे," दाजी मला फोनवर म्हणाले.

मागून आक्का ओरडली, "आन माझं?"

मी कळंबहून एसटीनं तालुक्याच्या गावी, वाशीला उतरलो आणि तिथून दाजींच्या गाडीवर त्यांच्या गावी गेलो. न्हाणीमागं निळं पिंप होतं. त्यात तुरटी, मीठ आणि बाभळीच्या सालीचं पाणी. कातडं त्यात मुरवून बाहेर काढलं होतं. पाण्यावर मात्र एक तपकिरी साय धरली होती. दाजींनी ती काठीनं बाजूला सारून मला कौतुकानं रंग दाखवला. मी सकाळी खाल्लेले पोहे घशापर्यंत येऊन, परिस्थिती बघून, परत गेले.

मुंडकं बैठकीत टेबलावर ठेवलेलं. आत लाकडाचा ठोकळा आणि काथ्या, डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या, शिंगं खरी. एक गोटी माझ्याकडं बघत होती आणि दुसरी कॅलेंडरकडं. पण खरी आफत केसांची होती. कातडं सुकताना आखडलं आणि केस वाटेल तिकडं उभे राहिले. गालावरचे पुढं, मानेवरचे वर, कपाळावरचे आडवे. विजेचा झटका बसलेला बोकड भिंतीतून डोकं काढतोय, असं ते रूप.

"भांग बसना ह्याचा," दाजी काकुळतीला येऊन म्हणाले. "तुमी शहरातले. कायतरी सुचवा."

कळंबला शहर म्हटल्यामुळं मी फुगलो आणि सुचवत सुटलो. करडईचं तेल चोळलं. केस बसले नाहीत, धूळ मात्र बसली, आणि दोन दिवसांत तेल असं खवटलं की मांजर बैठकीत यायचं बंद झालं. मग मी ओलं फडकं टाकून वरून इस्त्री फिरवायची सूचना केली. इस्त्री आक्काची होती, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. फडकं मानेपाशी सरकलं, चर्र झालं, आणि जळक्या केसांचा धूर घरभर पसरला. त्यात खवट तेल मिसळलं. आक्का पदर नाकाला लावून आली.

"ह्या घरात एक तर ते ऱ्हाईल न्हाय तर मी," ती म्हणाली. "आन दोघं मिळून माझ्या इस्त्रीला हात लावाल तर तुमचीच कातडी कमवीन."

शेवटी दाजींनी मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाबांना बोलावलं. त्यांची उमर कातडी कमावण्यात गेलेली. बाबांनी केसांवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि दाजींकडं असं पाहिलं, जसं मास्तर नापास पोराकडं पाहतो.

"मेल्यावर मीठ कवा लावलं?"

"दुसऱ्या दिवशी सांजच्याला," दाजी अभिमानानं म्हणाले. "पयला दिवस दर्शनाला ठेवला व्हता. पार वाशीहून लोक आले. हार, गुलाल, समदं."

"चैताच्या उन्हात?"

"मंडप टाकला व्हता की!"

बाबा हसले नाहीत. "मीठ त्याच तासाला लागतंय. तुमी दिवसभर हार घातले, तवर आत कातडं नासलं. केसाची मुळं सुटली असतेल. आता तेलानं काय व्हत न्हाय. कोमट पाण्यानं भिजवा, मऊ झालं की केसाच्या वळणानं हात फिरवा. मुळं धरून असली तर बसतेल." आणि ते चहा न घेता गेले. त्या घरात चहा घेण्याची हिंमत मलाही नव्हती.

दाजींनी मुंडक्याला ओलं पोतं गुंडाळलं. तासाभरानं काढलं तेव्हा त्यातून सुटलेली वाफ मी वर्णन करणार नाही. जेवणारा कुणी वाचत असेल. दाजींनी कपाळापासून हळूच कंगवा फिरवला, आणि केस बसले! सपाट, चकचकीत, प्रदर्शनातल्यासारखे. मी टाळी वाजवली. दाजींनी गालावरून कंगव्याचा दुसरा हात ओढला, आणि अख्खा गाल कंगव्याबरोबर आला. खाली राखाडी, बुळबुळीत, सोललेल्या कोंबडीसारखं कातडं. मी खिडकीकडं पळालो. दाजी मात्र थांबेनात. मानेवरचे उरलेले केस ओढून ते गालावर घेऊ लागले, टक्कल झाकणारे गृहस्थ कानावरचे घेतात तसे. तेही हातात आले.

मग त्यांनी कंगवा ठेवला.

"खरं सांगा पाहुणे. त्याच्यासारखा दिसतुया का?"

मी आयुष्यभर किस्से सांगत आलो. त्यात मीठ-मिरची किती, ते मलाच ठाऊक. पण त्यांच्या बोटांना चिकटलेले ते काळे केस बघून खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"न्हाय दाजी," मी म्हणालो. "हा कुणीतरी दुसराच हाय."

त्यांनी बोटांना चिकटलेले केस गोळा करून शिंगांपाशी ठेवले. आक्का दारातून सगळं बघत होती. तिनं टिकाव आणून माझ्या हातात दिला.

बांधाजवळ खड्डा मी खणला, नाकावर गमछा बांधून, दर घावाला शिव्या मोजत. दाजींनी मुंडकं आत ठेवलं, शिंगावरून एकदा हात फिरवला आणि मागं सरकले.

"माती ओढा लवकर," ते म्हणाले. "लई घाण वास यायलाय."