पोळ्याच्या दिवशीचं इंजिन

निजामाच्या काळात हिंगोलीत एक मोटारमिस्त्री होता. कुणी काही विचारलं की तोंडातला विडा आधी या गालातून त्या गालात सारायचा, मगच बोलायचा. जड इंजिन उचलायला त्याच्याकडं यंत्र नव्हतं. लिंबाच्या फांदीला मोटेचं चाक बांधायचा, इंजिनाला नाडा आवळायचा, अन् तो नाडा माझे बैल ओढायचे. हाकायला मीच. माझ्या बैलांना मी दुसऱ्याचा हात लागू देत नव्हतो.

एकदा ऐन पोळ्याला देशमुख आला. त्याच्या मोडक्या मोटारीतलं इंजिन, गिअरबॉक्ससकट, दुसऱ्या मोटारीत त्याला आजच बसवून पाहिजे होतं. उद्या सकाळी हैदराबादेला निघायचं होतं.

मी तोंड उघडायच्या आधी मिस्त्रीच बोलला, "आज बैलां का दिन है, सरकार. कल करेंगे."

"तू मुसलमान माणूस. तुला काहून रे पोळा?"

"सालभर मेरा वजन वोइच उठाते."

"जागा माझी हाय. काम कर, न्हाई तर आत्ताच खाली कर."

मिस्त्रीनं विडा थुंकला. पान्या-हातोड्यांची पेटी ओढून बाहेर काढली अन् उचलायला वाकला.

मी म्हटलं, "मिस्त्री, पेटीची एक कडी इकडं द्या."

भर बाजारातून आमी दोघांनी ती पेटी माझ्या गोठ्यात नेली. सजवलेले बैल बाजूला सरकवून तिला जागा केली.

देशमुखाचा माणूस मागोमाग आला, "बोलावून राहिले."

मी म्हटलं, "त्यायला सांग, हा गोठा माझ्या बापाचा हाय."